राम कुमार यांच्या निसर्गचित्रांतील पोत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर काळात निसर्गचित्राला अमूर्ततेकडे नेणाऱ्या भारतीय चित्रकारांत राम कुमार (1924-2018) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. हिंदी कथाकार म्हणूनही ते परिचित होते. 1950 च्या दशकातील त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी असलेली मनुष्याकृती पुढे लोप पावली. त्यामुळे त्यांनी सामाजिक आशयाकडे पाठ फिरविली असे म्हणता येईल काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात चित्रपृष्ठाच्या पोताच्या आधारे केला आहे.

मनुष्याकृतीचा काळ

शिमला येथे जन्मलेल्या राम कुमार यांनी दिल्लीत अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. बँकेतील नोकरी सोडून ते पॅरिसला गेले व आंद्रे ल्होत आणि फेर्नां लेजे यांच्याकडे शिकले. परतल्यानंतरच्या चित्रांत बेकार, एकाकी शहरी तरुण दिसतात. 'व्हॅगाबाँड' (1956) हे त्याचे ठळक उदाहरण होय.

वाराणसी आणि पोत

1960 च्या सुमारास एम. एफ. हुसेन यांच्यासमवेत राम कुमार वाराणसीस गेले. घाटांवर यात्रेकरू, विधवा आणि अंत्ययात्रा यांची वर्दळ होती; परंतु या प्रवासातून सिद्ध झालेल्या चित्रांत माणूस जवळजवळ नाहीच. परस्परांना बिलगलेली घरे, काळोख्या गल्ल्या आणि नदीकाठ एवढेच उरते. कागदावरील काही चित्रांत शाईबरोबर मेणाचा वापर आढळतो. मेण लागलेल्या जागी शाई धरत नाही. त्यामुळे रेषा तुटते आणि पृष्ठभाग झिजलेल्या, ओल आलेल्या भिंतीसारखा भासतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वावराने आलेली ही झीज माणसाचीच खूण आहे. म्हणजेच आकृती गेली, तरी तिचे ओझे पोताने उचलले.

पर्वतप्रदेशांकडे

पुढील तैलचित्रांत घरांचे आकारही विरघळले. पॅलेट नाइफने ओढलेले रंगाचे जाड पट्टे एकमेकांवर सरकतात, कोठे खालचा थर उघडा राहतो. लडाखच्या प्रवासाशी निगडित चित्रांत करडा व गेरूसारखा तपकिरी रंग उघड्या डोंगरउतारांची आठवण देतो. इतर अनेक चित्रांत निळा व हिरवा प्रभावी ठरतो. ही चित्रे स्थळाची नोंद करीत नाहीत. स्मृतीत उरलेल्या स्थळाची पुनर्रचना करतात.

निष्कर्ष

मनुष्याकृतीचा त्याग म्हणजे सामाजिक जाणिवेचा त्याग, हे समीकरण वाराणसी चित्रांना लागू पडत नाही. मात्र उत्तरकालीन पूर्णतः अमूर्त चित्रांबाबत तोच युक्तिवाद तितक्या ठामपणे करता येत नाही. तेथे पोत माणसाच्या इतिहासापेक्षा निसर्गाच्या शांततेकडे अधिक झुकतो. राम कुमार यांच्या कलाप्रवासाचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. 'अमूर्त' या एकाच संज्ञेखाली दोन्ही टप्पे एकत्र केल्यास वाराणसीच्या भिंतींवरील माणसाची खूण नजरेआड होते.