लाखेची मोहोर आणि पोर्ट ११०

गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. "काका, ऑफिसचा मेल फोनवर उघडेना, आयमॅपचं पोर्ट काय घालू?" मी म्हटलं, ९९३ घाल आणि एसएसएल चालू कर. दोन मिनिटांत त्याचं काम झालं. त्याने फोन ठेवला आणि मी मात्र तासभर वेळणेश्वरात जाऊन आलो, तेही २००४ सालच्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: वेळणेश्वर गुहागर तालुक्यात. शंकराचं देऊळ, त्याला लागून समुद्र, नारळीच्या बागा आणि महाशिवरात्रीची जत्रा. वेलणकर हे आडनाव इथलंच. आणि वेलणकर म्हटलं की मला हटकून श्रीराम भिकाजी वेलणकर आठवतात. संस्कृतचे पंडित, कवी, आणि डाक-तार खात्यातले मोठे अधिकारी. आपण पत्त्याखाली जो सहा आकडी पिनकोड लिहितो तो त्यांच्या कल्पनेतला. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. एका नावाची चार गावं, पत्ते बारा भाषांत आणि त्याहून जास्त हस्ताक्षरांत, त्यावर काढलेला हा उतारा. (एटीएमचा पिन वेगळा. तो लपवायचा, हा सगळ्यांना सांगायचा.)

माझे काका जवळच्याच एका गावात शाखा डाकघराचे पोस्टमास्तर होते. म्हणजे ओटीवर एक टेबल, एक वजनकाटा, एक शिक्का. यष्टीने थैली यायची. थैली घेतली की काका आधी दोरी बघत, मग लेबल, मग लाखेची मोहोर, आणि मगच थैली उघडत. मोहोर तडकलेली असली तर थैलीला हात लावायचा नाही, आधी लिहून ठेवायचं. लहानपणी आम्हाला त्या लाखेचा वास फार आवडायचा.

आता माझा धंदा. पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात मी संगणकाचं सगळं बघत होतो, म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून मेल सर्व्हरपर्यंत. त्या आधीचा काळही पाहिलेला. आपल्याकडे इंटरनेट आलं ते आधी संशोधकांसाठी. १९८६ मध्ये अर्नेट सुरू झालं. मुंबईत जुहूला एनसीएसटी ही संस्था होती. तिथून आणि आयआयटीतून टेलिफोनच्या तारेवरून मेलची गाठोडी इकडून तिकडे जात. सामान्य माणसासाठी दार उघडलं ते विदेश संचार निगमने, १५ ऑगस्ट १९९५ ला. (पुन्हा १५ ऑगस्ट. सरकारी खात्यांना मुहूर्त एकच.) विद्यार्थ्यांसाठी पाचशे रुपयांत अडीचशे तास असं खातं मिळायचं, त्यात नुसती अक्षरं, चित्र नाही. मोडेम किंचाळायचा, मग काळ्या पडद्यावर 'पाइन' उघडायचं. पासवर्ड त्या तारेवरून जसाच्या तसा जायचा आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

वाटायला हवं होतं. पत्र पाठवायचा एसएमटीपी नावाचा शिरस्ता १९८२ चा, पत्रं उतरवून घ्यायचा पॉप १९८४ चा. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा. वाड्यातल्या बिऱ्हाडांनी दाराला कुलूप लावू नये तसा सगळा प्रकार. पॉपमध्ये तुमचा संगणक सर्व्हरला सांगतो, यूझर अमुक, पास तमुक. उघड्यावर, साध्या अक्षरांत. मधल्या कुणीही ऐकावं. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात १९९५ मध्ये असंच कुणीतरी ऐकत बसलं आणि पासवर्ड चोरीला गेले. तिथल्या तातू उलोनेन या संशोधकाने चिडून एसएसएच लिहिलं. दूरच्या संगणकावर काम करताना सगळं बोलणं कुलूपबंद करणारं. त्याच वर्षी नेटस्केपने एसएसएल आणलं. पण अमेरिका त्यातलं पक्कं कुलूप देशाबाहेर जाऊ देईना, बाहेरच्यांना चाळीस बिटांचं. त्याच ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या दामियें दोलिजेने शंभराहून जास्त संगणक जुंपून ते आठ दिवसांत फोडून दाखवलं. आणि आपल्याकडे? इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या परवान्यात अट होती की चाळीस बिटांपर्यंत कुणीही वापरा, त्यापुढे परवानगी घ्या आणि किल्ली सरकारजमा करा. नंतर २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरच्या बँकिंगसाठी किमान १२८ बिट सांगितले. एका सरकारी कागदानुसार जे जास्तीत जास्त, त्याच्या तिपटीहून जास्त दुसऱ्या कागदावर कमीत कमी. असो.

तर २००३ मध्ये आमच्या विक्रीच्या मंडळींनी हट्ट धरला की फिरतीवर मेल दिसला पाहिजे. हॉटेलातून, सायबर कॅफेतून. मी फायरवॉलमध्ये ११० नंबरचं पोर्ट उघडून दिलं. पाच मिनिटांचं काम. सगळे खूश. आऊटलुक एक्सप्रेस दर दहा मिनिटांनी पासवर्ड पुकारत पुण्याला विचारायचं, काही आलंय का? कॅफेत तेव्हा साधे हब असायचे. एका संगणकाचं बोलणं त्याच हबावरच्या बाकी सगळ्यांना पोचायचं. ऐकायचं ठरवलं तर फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर पुरे. मला हे माहीत होतं. 'नंतर करू' या यादीत होतं.

पुढच्या जानेवारीत एका मोठ्या कामासाठीचे आमचे दर समोरच्या पार्टीला आधीच कळले असं उघड झालं. कसे कळले ते आजतागायत कुणालाही ठाऊक नाही. पण संशय घ्यायला माणूस लागतो, आणि दरपत्रकं टाईप करणारा एक मुलगा होता. त्याला कुणी काढलं नाही. नुसतं त्याच्याशी बोलणं थांबवलं, किल्ल्या काढून घेतल्या. त्या बैठकीत मी होतो. मला विचारलं, सिस्टीमकडून काही? मी म्हटलं, लॉगमध्ये काही दिसत नाही. ते खरं होतं. दिसणारच नव्हतं, ऐकणाऱ्याची लॉगमध्ये नोंद होत नाही.

महाशिवरात्रीला वेळणेश्वरला गेलो. जत्रेहून परतल्यावर ओटीवर बसलो असताना काकांनी सहज विचारलं, "अरे, तुमची ती पत्रं जातात तारेतून, त्यांना मोहोर कसली असते?"

मी म्हटलं, "नसते, काका."

"म्हणजे उघडी थैली?"

"उघडीच."

"आणि तू सही करून घेतोस?"

ते रागावून बोलले नव्हते, त्यांना खरंच कळेना.

रात्री त्यांच्या फोनला लॅपटॉप जोडला. लाईन दर पंधरा मिनिटांनी तुटत होती. एसएसएचने पुण्याच्या सर्व्हरवर शिरलो. रेडहॅटबरोबर 'एसटनल' नावाचा छोटा प्रोग्राम आलेलाच होता: ९९५ वर कुलूपबंद बोलणं ऐकायचं, उलगडून आतल्या आत ११० ला द्यायचं. सर्टिफिकेट विकत घ्यायला पैसे आणि वेळ दोन्ही नव्हतं, म्हणून स्वतःच सही केलेलं बनवलं. मग बाहेरून ११० बंद. दूरून फायरवॉलला हात लावणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड, म्हणून आधी सर्व्हरला सांगून ठेवलं की दहा मिनिटांत मी थांबवलं नाही तर जुने नियम परत आण. एकदा लाईन नेमकी तेव्हाच तुटली आणि तसंच झालं, पुन्हा पहिल्यापासून. काकू मधे येऊन कॉफी ठेवून गेली. मेल पाठवण्यासाठीही पासवर्ड आणि कुलूप लावायला पहाटेचे तीन वाजले. शेवटी सगळ्यांचे पासवर्ड बदलले.

सकाळी एसटीडी बूथवरून एकेकाला फोन. "एक इशारा येईल, सर्टिफिकेट ओळखीचं नाही म्हणून. 'येस' म्हण." हे मात्र मी चुकीचं शिकवलं. मोहोर तडकलेली दिसली तरी थैली घ्या, असंच ते झालं. आज लेट्स एन्क्रिप्टकडून सर्टिफिकेट फुकट मिळतं, २०१८ पासून तर उघड्यावर पासवर्ड पाठवणं मानकांतच कालबाह्य ठरवलंय, त्यामुळे पुतण्याला असले इशारे दिसतच नाहीत. आणि कॅफेच्या संगणकातच कुणी कळफलक टिपणारं काही बसवलं असेल तर माझ्या कुलपाचा उपयोग शून्य, हेही होतंच.

पुण्याला परतल्यावर साहेबांना सगळं सांगितलं. वर्षभर पासवर्ड उघड्यावर होते, दर कुठूनही फुटले असतील, त्या मुलावर संशय घेण्यात अर्थ नाही. ते म्हणाले, "आता बंद केलंस ना? मग झालं." मुलगा त्या आधीच्या शनिवारी सोडून गेला होता.

त्या वर्षी गणपतीत पुन्हा काकांकडे गेलो तेव्हा त्याला पत्र लिहिलं. हाताने. जुन्या अर्जावरून पत्ता उतरवून आणला होता, पिनकोडसकट. काय घडलं असू शकेल ते लिहिलं, आणि बैठकीत मी काय बोललो नाही तेही. काकांनी पाकीट तोललं, पत्ता वाचला, माझ्याकडे पाहिलं.

"रजिस्टर करायचंय का?"

"नको. साधंच."

त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट थैलीत टाकलं.