गिरणीतील इजा, भरपाईचा दावा आणि वकील

अपघातात इजा झालेल्या मनुष्याने भरपाई मागावी, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की, तिला स्वतंत्र इतिहास असेल याची सहसा जाणीव होत नाही. कायद्याच्या इतिहासकारांनीही बहुधा हक्काच्या उगमाकडेच लक्ष दिले. तो हक्क कोणाच्या मुखाने आणि कोणापुढे मांडला जात असे, हा प्रश्न मागे पडला. मुंबईच्या गिरणी कामगारांपुरता विचार केला तर हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा ठरतो, असे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

इंग्रजी न्यायपद्धतीत मनुष्याच्या मृत्यूबद्दल दिवाणी दावाच चालत नसे. 1808 सालच्या ‘बेकर विरुद्ध बोल्टन’ या खटल्यात लॉर्ड एलेनबरो यांनी हे तत्त्व स्पष्टपणे सांगितले होते. आगगाड्यांचा प्रसार झाल्यावर त्यातील अन्याय डोळ्यांत भरू लागला, आणि 1846 मध्ये लॉर्ड कॅम्बेल यांच्या प्रयत्नाने इंग्लंडात नवा कायदा झाला. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात 1855 साली प्राणघातक अपघातांविषयीचा कायदा संमत झाला. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावून त्या वेळी दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि मुंबईतील पहिली कापड गिरणी सुरू व्हावयाची होती. म्हणजे, यंत्रयुगाचा येथे पाय पडतो न पडतो तोच भरपाईचा हक्क कागदावर आला होता.

परंतु या हक्काला दिवाणी न्यायालयाखेरीज दुसरा दरवाजा नव्हता. मृताची पत्नी, पती, आईबाप किंवा मुले यांच्या हितासाठी दावा करावयाचा. प्रतिपक्षाचा हलगर्जीपणा पुराव्याने शाबीत करावयाचा. साक्षीदार म्हणून त्याच खात्यातले कामगार उभे करावयाचे, की ज्यांची भाकरी मालकाच्या हाती असे. अपघातातून वाचलेल्या कामगाराची अवस्थाही निराळी नव्हती. इंग्लंडात 1837 च्या ‘प्रीस्टली विरुद्ध फाउलर’ या खटल्यापासून असा नियम रूढ झाला होता की, सहकामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. नोकरी पत्करली तेव्हाच तो धोका कामगाराने पत्करला. हा बचाव आपल्याकडे काढून टाकण्यासाठी 1938 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्याचा वचक किती दीर्घकाळ टिकला हे ध्यानात येईल. कोर्ट-फी, वकिलाची फी आणि कज्जाचा काळ, या तिन्ही गोष्टी महिन्याच्या मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच्या होत्या.

कामगारांना याची जाणीव नव्हती असे मात्र नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या सर्वपरिचित आहेत. त्याच निवेदनात अशीही मागणी होती की, कामावर गंभीर इजा झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण मजुरी मिळावी, आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. या मागणीत मालकाच्या दोषाचा उल्लेख नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. चूक कोणाची, हा वकिलाचा प्रश्न कामगारांनी बाजूला ठेवला होता. उद्या खायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने यंत्रांना कुंपण घालण्याचे बंधन आणले होते. पण कुंपण नसल्यामुळे ज्याचा हात गेला, त्याच्या निर्वाहाची सोय त्यात नव्हती.

लोखंड्यांच्या निवेदनातील तत्त्व कायद्यात उतरण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924 पासून अंमलात आला. कामाच्या ओघात व कामामुळे अपघात झाला एवढे दिसले की मालक जबाबदार. त्याचा दोष सिद्ध करण्याची गरज राहिली नाही. रक्कम ठरविण्यासाठी कोष्टक देण्यात आले. मृत्यू झाल्यास तीस महिन्यांची मजुरी अथवा 2,500 रुपये, आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास बेचाळीस महिन्यांची मजुरी अथवा 3,500 रुपये, यांपैकी जी रक्कम कमी ती द्यावयाची. अवयवागणिक टक्के ठरलेले होते : उजवा हात कोपरापासून गेल्यास 70, डावा गेल्यास 60, एक डोळा 30, अंगठा 25, तर्जनी 10, इतर कोणतेही बोट 5.

दरमहा तीस रुपये मिळविणाऱ्या कामगाराचे उदाहरण घेऊ. त्याच्या संपूर्ण अपंगत्वाची भरपाई 1,260 रुपये होते, उजव्या हाताची 882, तर्जनीची 126. त्याच्या मृत्यूची भरपाई मात्र 900 रुपये. उजवा हात आणि जीव यांत अठरा रुपयांचे अंतर राहते. हे आकडे कठोर वाटतात, आणि ते कठोर आहेतच. तथापि त्यांचा एक उपयोग नाकारता येत नाही. कोष्टकामुळे निरक्षर कामगाराची मागणीही निश्चित झाली. आता ती मांडण्यास वाक्पटुत्व लागत नव्हते, गणित पुरत होते.

कायदाकर्त्यांना वकिलाची गरज शक्य तितकी कमी करावयाची होती, हे या कायद्याच्या रचनेवरून दिसते. दावा दिवाणी न्यायालयाऐवजी आयुक्तापुढे चालावा; साक्षींचा सारांश टिपला तरी पुरे; मृत्यूची भरपाई परस्पर वारसाच्या हाती न देता आयुक्ताकडे जमा करावी; तडजोडीचा करार नोंदवावा, आणि रक्कम अपुरी किंवा कपटाने ठरलेली दिसल्यास आयुक्ताने नोंदणी नाकारावी, अशा तरतुदी त्यात होत्या. 1933 च्या दुरुस्तीने तर प्राणघातक अपघाताची खबर लागताच मालकाकडून खुलासा मागविण्याचा अधिकार आयुक्तास दिला. अर्जदार येईपर्यंत थांबण्याचे कारण उरले नाही. कामगाराच्या वतीने कोणी उभे राहावे यासंबंधीचे 24 वे कलमही, त्याच्या दुरुस्त रूपात, वकिलाबरोबर नोंदणीकृत कामगार संघाच्या अधिकाऱ्याला तीच जागा देते.

असे असूनही वकील पुन्हा आलाच, आणि तो ‘कामाच्या ओघात’ या शब्दांच्या वाटेने आला. काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते? 1958 साली सौराष्ट्रातील मिठागराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, काम संपवून खाडी ओलांडताना होडी उलटून बुडालेल्या कामगारांचा मृत्यू कामाच्या ओघात झालेला नाही. होडी सार्वजनिक उताराची होती. उलट 1963 मध्ये मुंबईच्या ‘बेस्ट’च्या खटल्यात निर्णय विधवेच्या बाजूने लागला. तिचा पती बसचालक होता; जुलै 1957 मध्ये पाळी संपवून तो उपक्रमाच्याच बसमधून घरी निघाला असता अपघात होऊन मरण पावला. आयुक्ताने अर्ज फेटाळला, उच्च न्यायालयाने तो मान्य केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. यात सहा वर्षे गेली. चटकन निकाल लागावा म्हणून केलेल्या कायद्यात हे घडले, आणि प्रत्येक पायरीवर कायदेशीर युक्तिवादाची गरज पडली.

येथे फीचा प्रश्न उपस्थित होतो. मिळणाऱ्या रकमेतील वाटा हीच फी, अशी अमेरिकेत प्रचलित असलेली पद्धत आपल्याकडे निषिद्ध आहे. वसुलीचा निम्मा भाग घेण्याचा करार करणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलाचे वर्तन सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये व्यवसायास न शोभणारे ठरविले. शिवाय 1923 च्या कायद्यानुसार भरपाईची रक्कम दुसऱ्याच्या नावे करता येत नव्हती, किंवा तिच्यावर जप्तीही येत नव्हती. हे निर्बंध जखमी माणसाला लुबाडणुकीपासून वाचविण्यासाठीच होते, आणि तो हेतू योग्यच होता. पण त्यांची दुसरी बाजू अशी की, ज्याच्याजवळ आगाऊ फी देण्यास पैसा नाही त्याच्यासाठी जोखीम पत्करण्याचे आर्थिक कारण वकिलापाशी उरत नाही. ही पोकळी कोणी भरावयाची? संघटित गिरणीत ती कामगार संघ भरू शकत असे; सुट्या, असंघटित मजुरापाशी तसा आधार नव्हता.

1956 च्या दुरुस्तीने मोटार अपघातांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली, तेव्हा रस्त्यावरील जखमी माणसालाही दिवाणी न्यायालयाबाहेर वाट मिळाली. पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 1923 चा कायदा रद्द करून त्याच्या तरतुदी स्वतःत सामावून घेतल्या. या प्रत्येक टप्प्यावर हक्क वाढला, रक्कम वाढली. परंतु 1884 च्या निवेदनापासून पाहिले तर हक्काची व्याप्ती आणि तो मिळविण्याची ताकद या दोन गोष्टी एकाच गतीने वाढल्या नाहीत. म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने अधिनियमांच्या संहितेवर थांबू नये. आयुक्तांपुढील अर्ज, नोंदविलेल्या तडजोडी आणि संघांचे वार्षिक अहवाल यांतून अर्जदाराच्या बाजूने कोण उभे राहिले आणि किती अर्ज कोणाच्याच साहाय्यावाचून चालले, हे तपासले पाहिजे. कामगाराच्या तुटलेल्या बोटाची किंमत कायद्याने कितीही ठरविली असली, तरी त्याच्या घरी प्रत्यक्ष किती पोहोचली याचा हिशेब त्याच कागदांत आहे.