चहा मिळाला, खोलीचे काय?

मागच्या महिन्यात एका चर्चासत्रासाठी आम्ही मुंबईला गेलो होतो. आयोजकांनी मुक्कामाची व्यवस्था काळा घोड्याजवळच्या एका बुटीक हॉटेलात केली होती. चळवळीतल्या माणसाच्या मुंबईतल्या मुक्कामाच्या जागा ठरलेल्या असतात. आमदार निवासातली कुणाच्या तरी नावावरची खोली, बीडीडी चाळीतल्या मित्राचे घर, आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्कचा मंडप. त्यामुळे बुटीक हॉटेल म्हणजे काय, हे आम्हाला तिथे पोचल्यावरच कळले. जुन्या इमारतीतल्या मोजक्या खोल्या, प्रत्येकीचा थाट वेगळा, जुनी नक्षीदार फरशी मुद्दाम राखलेली, आणि व्हरांड्यात शोभेसाठी ठेवलेला तांब्याचा हंडा.

काउंटरवर आधार कार्ड मागितले. मुलाने पूर्ण नाव आडनावासकट मोठ्याने वाचले, संगणकात टाकले आणि हसून चावी दिली. दहा मिनिटेही लागली नाहीत. खोली दोघांची होती, म्हणून आमचा एक तरुण सहकारी सोबत मुक्कामाला आला होता. तो बँकेत नोकरीला लागून मुंबईत आलाय आणि गेले चार महिने भाड्याने घर शोधतोय. सध्या कळव्याला कॉट बेसिसवर राहतो. चावी हातात आल्यावर तो म्हणाला, "सर, पहिल्यांदाच या शहरात कुणी मला आडनाव वाचूनही खोली दिली."

त्याच्या या वाक्यामुळे हा लेख लिहितो आहोत.

खोलीत टेबलावर त्या परिसराच्या इतिहासाचे एक सुबक पत्रक होते. त्यात जवळच्या वॉटसन्स हॉटेलचे वर्णन होते. इंग्लंडहून आणलेल्या लोखंडी सांगाड्याचे हे हॉटेल. १८९६ साली मार्क ट्वेन तिथे उतरला आणि त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिए बंधूंचा सिनेमा देशात पहिल्यांदा तिथेच दाखवला गेला. हॉटेल फक्त गोऱ्यांसाठी होते. जमशेटजी टाटांना तिथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही कथाही पत्रकात होती. ताज १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले हे खरे, पण त्या अपमानाच्या कथेबद्दल इतिहासकारांनी बऱ्याच शंका घेतल्या आहेत. तरी ती कथा मुंबईत पोरासोरांना पाठ आहे. श्रीमंत माणसाचा न घडलेला अपमानही इतिहास होतो!

त्याच रस्त्यावर एल्फिन्स्टन कॉलेज आहे. १९०८ साली भीमराव रामजी आंबेडकर हा विद्यार्थी तिथे दाखल झाला आणि १९१२ साली बी.ए. झाला. कॉलेजातला हॉटेलवाला त्याला चहा देत नव्हता, पाणी देत नव्हता. चरित्रकार धनंजय कीरांनी याची नोंद केली आहे. पुढे १९१८ मध्ये हाच माणूस परदेशातल्या पदव्या घेऊन सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाला, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्याने घेण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पत्रकात यातले काही नव्हते. व्हरांड्यातल्या हंड्याकडे मग आम्हाला नुसती शोभा म्हणून पाहवेना.

आता मूळ मुद्दा. आपल्या मराठीत 'हॉटेल' म्हणजे आधी चहा आणि भजी. मुक्कामाच्या जागेला आपण लॉज म्हणतो, पाटीवर लॉजिंग-बोर्डिंग लिहितो. आपल्या चळवळीचा इतिहासही पहिल्या अर्थाच्या हॉटेलभोवती फिरतो. वेगळी कपबशी, करवंटीतले पाणी, वरून ओतलेला चहा. कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांनी चहाचे हॉटेल काढले आणि शाहू महाराज गाडी थांबवून तिथला चहा घेत, हा प्रसंग आपण दरवर्षी सांगतो आणि सांगायलाच हवा. पाण्याच्या लढ्याला महाड हे नाव आहे, मंदिराच्या लढ्याला काळाराम. खोलीच्या लढ्याला नाव नाही.

का नाही? आम्हाला वाटते, सत्याग्रहाला माणसे लागतात, दिवसाचा उजेड लागतो. खोली मागणारा माणूस बहुतेक वेळा एकटा असतो, परगावचा असतो, हातात सामान असते आणि रात्र पडत असते. चहा उभ्याने पिऊन होतो. खोलीत मात्र अंथरूण आले, न्हाणीघर आले, आणि मुख्य म्हणजे रजिस्टर आले. रजिस्टरमध्ये नाव लिहावे लागते. जातिव्यवस्था चहाच्या टपरीवर एखाद वेळी फसते, नाव लिहायची वेळ आली की फसत नाही.

मागण्यांच्या यादीत ही गोष्ट होती, आपणच विसरलो. ४ ऑगस्ट १९२३ चा सीताराम केशव बोले यांचा मुंबई कायदे कौन्सिलमधला ठराव आपल्याला माहीत आहे तो चवदार तळ्यामुळे. पण त्या ठरावात पाणवठे आणि विहिरींना जोडूनच सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या धर्मशाळांचाही उल्लेख आहे. धर्मशाळा म्हणजे त्या काळचे सामान्य माणसाचे हॉटेल. यात्रेला, कोर्टाच्या तारखेला, दवाखान्याला आलेला माणूस तिथे पथारी टाकायचा. आपला माणूस झाडाखाली झोपायचा. पंढरपुरात विठ्ठलाच्या दारी जाऊनही रात्री पाठ टेकायला जागा नाही, हे गाडगेबाबांनी पाहिले आणि चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली. १९४९ साली ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. निवाऱ्याची जागा शिक्षणाच्या कामी लागली. देणारा आणि घेणारा, दोघांनाही दोन्ही गोष्टींची किंमत ठाऊक होती.

बाबासाहेबांना ती किंमत पुस्तकातून कळलेली नव्हती. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनहून परतल्यावर शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते बडोदा संस्थानात नोकरीला गेले. स्टेशनवर उतरताच पहिला प्रश्न होता, राहायचे कुठे? हिंदू खानावळी आणि विश्रांतिगृहे खोटे नाव सांगितल्याशिवाय घेणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते पारशी सराईत गेले. रखवालदाराने सदरा आणि कस्ती आहे का ते चाचपले. नव्हती. शेवटी तडजोड ठरली. रोजचे दीड रुपया भाडे, आणि रजिस्टरमध्ये पारशी नाव.

पुढचे बहुतेकांनी वाचले असेल, पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधले ते पान पुन्हा वाचावे. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, शेजारी अडगळीने भरलेला अंधारा दिवाणखाना, वीज नाही, कंदील, आणि वटवाघळांची फडफड. दुसरा पाहुणा नाही. दिवसभर अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम आणि रात्री ही एकांतकोठडी. मुंबईहून राहिलेले सामान घेऊन बहिणीचा मुलगा आला. मामाची अवस्था पाहून तो इतका मोठ्याने रडू लागला की बाबासाहेबांना त्याला लगेच परत पाठवावे लागले. आम्हाला त्या पानातला सगळ्यात जड प्रसंग हाच वाटतो. काठ्या नंतर आल्या.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी माणसे काठ्या घेऊन जिन्यातून वर आली. सराई बाटवली म्हणून शिव्या दिल्या आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम दिला. एका हिंदू मित्राने सांगितले, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती झालेल्या दुसऱ्या मित्राने बायकोचे नाव पुढे केले. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे पाच तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत काढले. दरवर्षी २३ सप्टेंबरला आपण बडोद्याच्या संकल्पभूमीवर जातो ते त्यासाठीच.

इथे एक सांगितले पाहिजे. या प्रसंगावरून पारशी समाजाला शिव्या घालणारे आपल्यातही आहेत. नवल भथेना हे बाबासाहेबांचे कोलंबियातले जिवलग मित्र पारशीच होते आणि पुढे पैशाच्या अडचणीत बाबासाहेबांनी हक्काने हाक मारली ती त्यांनाच. बाबासाहेबांनी त्या प्रकरणातून काढलेला निष्कर्ष कुठल्या एका समाजाविरुद्धचा नव्हता. हिंदूंना जो अस्पृश्य आहे, तो या देशात पारशालाही अस्पृश्य वाटतो, असे ते म्हणतात. जात ही हिंदूंची घरगुती बाब उरलेली नाही, हा त्याचा अर्थ.

त्या खोलीची दुसरी बाजू ३१ वर्षांनी घटना समितीत आली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर झाले. त्याच दिवशी आज आपण ज्याला १५ (२) म्हणतो त्या कलमावरही चर्चा झाली. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा इथे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यावरून कुणाही नागरिकाला अडवता येणार नाही. इतर अनेक मूलभूत हक्क सरकारविरुद्ध आहेत. हे कलम थेट खाजगी मालकाच्या गल्ल्यापर्यंत पोचते. लॉन्ड्री आणि केशकर्तनालय 'दुकानात' धरायचे का, असा प्रश्न सभागृहात आला, तेव्हा बाबासाहेबांनी 'दुकान' शब्दाचा अर्थ जितका रुंद करता येईल तितका केला. येईल त्याला सेवा द्यायला जो बसला आहे त्याची जागा ते दुकान, असा त्यांचा रोख होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात याच स्पष्टीकरणाचा आधार घेऊन खाजगी शिक्षणसंस्थांनाही या कलमाच्या कक्षेत आणले. टाटांच्या अपमानाच्या कथेतून समुद्रावर एक राजवाडा उभा राहिला म्हणतात. बडोद्याच्या त्या अकरा दिवसांचा जाब या कलमाने मागितला. पहिल्याची छायाचित्रे काळा घोड्याच्या प्रत्येक दुकानात मिळतात.

म्हणून हॉटेलच्या दारावर 'प्रवेशाचे हक्क राखीव' अशी पाटी दिसली, तर तरुणांनी तिला घाबरू नये. दंगा करणाऱ्याला बाहेर काढायचा हक्क मालकाला आहे, जातीवरून थांबवायचा नाही. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, जो पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, त्यात हॉटेलबरोबर धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना हे शब्दही आहेत. सराई हा शब्द वाचताना बडोदा आठवल्याशिवाय राहत नाही.

काही मित्र म्हणतील, खेड्यात माणसे मारली जात असताना महागड्या हॉटेलची चर्चा कशाला? त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. हजारो रुपये एका रात्रीचे मोजणारे आपल्यात किती? आमचेही पैसे आयोजकांनी भरले होते. सकाळी खोली आवरायला आलेल्या ताईंनी आमच्या पिशवीवरचे बाबासाहेबांचे चित्र पाहून हळूच 'जय भीम' केला. त्या रोज कर्जतहून येतात. त्या हॉटेलात भेटलेल्या आपल्या लोकांत पाहुणे आम्ही दोघे होतो, बाकीचे झाडू आणि चादरी घेऊन होते. हे सारे खरे. पण घटनेने हॉटेलचे दार उघडले आणि घराचे दार बंदच राहिले, ही गोष्ट बरोबर याच ठिकाणी दिसते.

एका रात्रीची खोली हा व्यापार आहे, तिथे १५ (२) आहे. कायमचे घर ही सोसायटी आहे, तिथे उपविधी आहेत. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात १५ एप्रिल २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. सोसायटी ही स्वेच्छेने एकत्र आलेल्या लोकांची संघटना आहे, हा युक्तिवाद मान्य झाला. अल्पसंख्य समाजाची आपली वस्ती टिकवण्याची धडपड आम्हाला समजते. पण तोच तर्क उद्या बलवान जातींच्या सोसायट्या हातात घेतील, तेव्हा 'संघटना स्वातंत्र्य' म्हणजे बामणवाडा आणि महारवाडाच ना? नागरी हक्क संरक्षण कायद्यात राहत्या जागेचाही उल्लेख आहे, पण तो अस्पृश्यतेच्या कारणावरून नाकारण्यापुरताच आहे. आता कुणी तसे बोलत नाही. 'आमच्याकडे शाकाहारी लागतात' एवढेच म्हणतात. भाषा बदलली, रखवालदार तोच आहे आणि सदऱ्याखाली काय आहे ते अजून चाचपतो आहे.

दुसऱ्या दिवशी खोली सोडून आम्ही चालतच फोर्टातल्या सिद्धार्थ कॉलेजच्या आनंद भवनाकडे निघालो. वाटेत तो काळा घोडा लागला. मूळच्या पुतळ्यावर इंग्लंडचा युवराज बसलेला होता, तो १९६५ साली भायखळ्याला हलवला. २०१७ साली बसवलेल्या नव्या घोड्यावर कुणीच नाही. सहकारी थांबून त्याचा फोटो काढत होता, तेवढ्यात त्याला ब्रोकरचा फोन आला. मुलुंडला वन बीएचके आहे, दुसरा मजला, भाडे आणि डिपॉझिट दोन्ही त्याच्या आवाक्यातले. मालकही तयार आहेत म्हणाला.

फक्त पूर्ण नाव व्हॉट्सॲपवर टाका, सोसायटीला दाखवायचे आहे.