बोले ठराव (१९२३) आणि मुंबई इलाख्यातील सामाजिक समावेशन : धोरण व अंमलबजावणी

प्रस्तावना

प्रादेशिक धोरणनिर्मितीत वंचित घटकांच्या समावेशनाचा प्रश्न प्रामुख्याने स्वातंत्र्योत्तर काळातील मानला जातो. वस्तुतः मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात तो १९२३ मध्येच चर्चिला गेला होता. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेल्या ठरावाची वाटचाल अभ्यासली असता, धोरण संमत होणे आणि ते संबंधितांपर्यंत पोहोचणे यांतील अंतर स्पष्ट होते.

ठरावाचे स्वरूप व मर्यादा

४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झालेल्या या ठरावाने सार्वजनिक निधीतून बांधलेले व चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याची शिफारस केली. ज्या सोयीसाठी सार्वजनिक पैसा खर्च होतो, तिच्या वापरातून कोणासही वगळता येणार नाही, हे तत्त्व त्यात अंतर्भूत होते. तथापि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघालेल्या सरकारी आदेशाने दोन वेगळे मार्ग अवलंबिले. सरकारी खात्यांना अंमलबजावणीची आज्ञा झाली. स्थानिक स्वराज्य संस्थांनी मात्र ठराव स्वीकारण्याचा विचार करावा, एवढेच जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सुचविले गेले. गावोगावचे पाणवठे याच संस्थांच्या अखत्यारीत असल्याने धोरणाचा गाभा ऐच्छिक ठरला. १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधित्वही निवडणुकीने नव्हे, तर सरकारी नियुक्तीने होत असे. ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव बोले यांना १९२६ मध्ये मांडावा लागला.

महाडचा अनुभव

कुलाबा जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांसाठी खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तेथील पाणी त्यांना मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी तळ्यावर जाऊन हा हक्क बजावला. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या तात्पुरत्या मनाई हुकुमामुळे दुसरा सत्याग्रह स्थगित करावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय १७ मार्च १९३७ रोजी मिळाला. कायदेमंडळाने मान्य केलेले तत्त्व एका तळ्यापुरते न्यायालयात टिकण्यास साडेतेरा वर्षांहून अधिक काळ लागला.

शिफारशीकडून यंत्रणेकडे

१९२८ मध्ये सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. डॉ. आंबेडकर व डॉ. पी. जी. सोळंकी हे तिचे सदस्य होते. ज्या वर्गाविषयी धोरण ठरवावयाचे, त्या वर्गाचे प्रतिनिधी चौकशी व शिफारशींच्या प्रक्रियेत सहभागी झाले, हे या समितीचे वेगळेपण होय. तिचा अहवाल १९३० मध्ये सादर झाला.

समारोप

बोले ठरावाचे तत्त्व पुरोगामी होते. परंतु त्याच्या पालनाची सक्ती कोणावर, पालन न झाल्यास परिणाम कोणता आणि निर्णयप्रक्रियेत संबंधितांचे स्थान काय, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात नव्हती. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने राज्याच्या निधीतून राखलेल्या विहिरी व तलावांच्या वापरातील भेदभावास मनाई केली आणि सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यतेचे आचरण दंडनीय ठरविले. शिफारशीचे रूपांतर हक्कात झाले ते येथे. कोणत्याही समावेशक धोरणाचे मूल्यमापन करताना हे तीन प्रश्न विचारात घेणे आवश्यक ठरते.