बरे झाल्यावर

१९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा चोरपावलांनी मुंबईत शिरला. पावसाळा सरता सरता तो पुन्हा उसळला आणि ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ माणसे दगावली. जी अंथरुणातून उठली, त्यांचा थकवा कोण मोजणार?

हा प्रश्न मला पडला २०२१ च्या गणपतीत, कोपर स्टेशनच्या जिन्यावर. करोना होऊन पाच महिने लोटले होते. भिवंडीला मामांकडे दर्शनाला निघालो. वसईच्या गाडीसाठी वरच्या फलाटाकडे चढताना मध्येच बसलो नि घरी परतलो. मामी रुसल्या. ताप दिसतो हो, थकवा कुठे दिसतो? ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने या रेंगाळणाऱ्या दुखण्याची व्याख्या केली. ते कात्रण मामींना धाडले. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन मामीच आल्या.