महारवाड्यातली मंडळी

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती साहित्याचे प्रकरण आले की साधारणतः तीन-चार नावांची उजळणी होते. रेव्हरंड ना. वा. टिळक, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे', थोडेसे बाबा पदमनजी, आणि 'ज्ञानोदय'चा ओझरता उल्लेख. ही सारी नावे महत्त्वाची आहेत. पण टिळकांची भजने ज्यांनी गायली, 'ज्ञानोदय' ज्यांच्या वस्तीत मोठ्याने वाचला गेला, ती माणसे कोण होती, हा प्रश्न आपल्या वर्गांतून क्वचितच विचारला जातो. तो विचारायचा तर अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील गावकुसाबाहेरच्या वस्त्यांकडे जावे लागते.

ख्रिस्ती मराठीत 'चर्च'साठी रूढ झालेला शब्द 'मंडळी' हा आहे. इमारतीपेक्षा माणसांच्या जमावाचा बोध करून देणारा हा शब्द नगरच्या इतिहासाला विशेष लागू पडतो, कारण तिथे इमारती पुष्कळ नंतर आल्या.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी मुंबईत आले १८१३ मध्ये. नगरला ठाणे पडले १८३१ च्या डिसेंबरात. ग्रेव्हज, रीड आणि हर्वी या मिशनऱ्यांबरोबर बाबाजी हा नुकताच ख्रिस्ती झालेला ब्राह्मण होता. शास्त्रीपंडितांशी वाद करावा, त्यांना जिंकावे, म्हणजे बाकीचा समाज आपोआप मागे येईल, ही त्या काळच्या मिशनरी विचारातील एक मोठी धारणा होती. प्रत्यक्षात घडले ते निराळेच. नगरातील गोऱ्या रहिवाशांनी अनाथ, अपंग, आंधळ्या माणसांसाठी एक आश्रयस्थान चालविले होते. बाबाजी तिथे जाऊ लागला, आणि नगरच्या मंडळीचे आरंभीचे सभासद या जागेतून आले. त्यांत महार समाजातील माणसे होती. हर्वी १८३२ मध्ये आणि बाबाजी १८३३ मध्ये पटकीने वारला. त्याच १८३३ साली नगरची पहिली मंडळी रीतसर स्थापन झाली. ज्यांच्या भरवशावर योजना आखली होती ते गेले, आणि ज्यांचा कोणी हिशेब धरला नव्हता ते उरले.

पुढे हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण मोडक हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले, पाळक झाले, त्यांची नावे राहिली. पण मंडळी वाढली ती खेड्यांत, आणि मुख्यतः महार-मांगांच्या वस्त्यांत. याचे एक कारण गावगाड्यातच होते. येसकरी, सांगावा पोचविणे, सरकारी माणसाबरोबर पुढच्या गावापर्यंत जाणे ही कामे महारांकडे असत. शेतकरी आपल्या बांधाशी जखडलेला, तर महार गावोगाव फिरणारा. सोयरिकीही आसपासच्या गावांतल्या. त्यामुळे एका वस्तीतील नवी वार्ता दहा वस्त्यांत पोचण्यास मिशनऱ्याच्या घोड्याची गरज नव्हती.

दुसरे कारण शाळा. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला, हे प्रकरण प्रसिद्धच आहे. अशा काळात वस्तीतच एक खोली उभी राही. आठवडाभर ती शाळा, रविवारी उपासनास्थान, आणि मास्तर तोच उपदेशक. अक्षर आणि प्रार्थना एकाच छपराखाली आली. मुलींच्या शिक्षणाचे नगरमधील काम सिंथिया फरार यांनी १८३९ पासून चालविले, आणि त्यांची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली, हे सर्वश्रुत आहे. फुल्यांच्या शाळेतील मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला. १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालेले हे पत्र नसते, तर तो आवाज कदाचित कागदावर टिकलाच नसता.

परंतु शाळेने वाचक मिळतात. मंडळी एकत्र बांधली जाते ती गाण्याने. इंग्रजी चालींवर बेतलेली आरंभीची मराठी गीते जिभेवर बसणे कठीण होते. १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, तेव्हा टाळ-मृदंगासह येशूचे आख्यान ऐकू येऊ लागले. या घटनेचा अर्थ केवळ 'स्थानिक रूपाचा स्वीकार' एवढाच नाही. ज्या समाजातील चोखोबाला विठ्ठलाच्या दाराबाहेर उभे राहावे लागले, त्याच समाजातील माणूस आता कीर्तनात मध्यभागी बसत होता. रूप ओळखीचे होते, बसण्याची जागा नवी होती. टिळकांचे १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतरचे अभंग आणि भजने या तयार झालेल्या श्रोत्यांपुढे आली. प्रतिभा टिळकांची खरीच, पण तिला गळा मिळाला तो या मंडळीचा.

हे चित्र निव्वळ उजळ मात्र नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर खेड्यांतील बाप्तिस्मे वाढले, आणि 'पोटासाठी धर्म' हा आक्षेप तेव्हापासून आजतागायत ऐकू येतो. त्याला माझे उत्तर असे की, भुकेल्या माणसाच्या श्रद्धेची शुद्धता तपासण्याचा अधिकार पोट भरलेल्याला कोणी दिला? वतनावर श्रद्धा असलेल्यांच्या भक्तीची अशी तपासणी आपण कधी केली नाही. खरी उणीव दुसरीकडे होती. स्वावलंबी, स्वशासित आणि स्वतः वाढणारी मंडळी हे रूफस अँडरसन यांचे ध्येय होते. ते स्वतः १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. तरीही उपदेशकाचा पगार बोस्टनहून येत राहिला, आणि पगाराबरोबर निर्णयही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, त्यामागे ही खंत होती. आणि जातीची भिंत? प्रभुभोजनाच्या एका ताटापाशी ती वाकली, सोयरिकीच्या वेळी पुन्हा ताठ उभी राहिली.

१९२४ मध्ये या मंडळ्या उत्तर भारतातील संयुक्त चर्चमध्ये आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. दरम्यान १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे गावाने ज्यांना महार मानणे सोडले नाही, त्यांना कागदाने मानले नाही.

वाङ्मयेतिहासातही काहीसे असेच झाले. ख्रिस्ती साहित्याच्या प्रकरणात ही माणसे टिळकांच्या मागे झाकली गेली, आणि दलित साहित्याच्या प्रकरणात ती ख्रिस्ती म्हणून बाजूला पडली. दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत एक अख्खी मंडळी बसलेली आहे. टिळकांचा अभंग शिकवताना त्याचा कवी कोण हे आपण सांगतोच. तो प्रथम कोणी गायला आणि कुठे बसून गायला, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.