हिरव्या बाटलीतला मोरचूद : एक घटनाक्रम

पाऊस सरला की वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याची खोडं कमरेइतकी निळी दिसू लागतात. तीच गत अकोल्याकडे अकोट-तेल्हाऱ्यात. डिंक्या लागू नये म्हणून खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, आणि तिचा निळा रंग मोरचुदाचा. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. डिंक्या आणणारी फायटोप्थोरा नावाची बुरशी मुळं आणि खोड कुजवते, जंबेरी खुंटावरच्या झाडांवर तिचा विशेष जोर, म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा हे काम ठरलेलं.

पुढचा घटनाक्रम कुणा एकाच्या घरचा नाही. मोरचूद पोटात गेल्यावर शरीर कोणत्या क्रमाने कोसळतं ते वैद्यकाला ठाऊक आहे. बगीच्यात मोरचूद कसा हाताळला जातो ते वऱ्हाडात सगळ्यांनाच ठाऊक आहे. ही दोन माहितीची टोकं इथे ऑक्टोबरातल्या दोन दिवसांत बसवली आहेत. गड्याला नाव दिलेलं नाही, आणि मालकालाही.

बुधवार, संध्याकाळी 6. मूत्रपिंडं थांबायला 48 तास

कृषी केंद्रातून आणलेला मोरचूद फडक्यात बांधून पोटली केली जाते आणि प्लास्टिकच्या बादलीत काठीला टांगून ठेवली जाते. खडे तळाशी टाकले तर विरघळता विरघळत नाहीत. टांगले की रात्रभरात निळा रंग खाली उतरत जातो आणि सकाळी फडकं रिकामं सापडतं. बादली लोखंडाची नको, टिनाची नको, हे नव्या मजुरालाही सांगावं लागत नाही. तांबं लोखंडावर चढतं आणि भांडं खातं.

पुडी मात्र उंबऱ्याजवळच राहते. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे रंग उंदरांवरच्या चाचण्यांतून ठरतात. किलो वजनामागे 1 ते 50 मिलिग्रॅममध्ये निम्मे उंदीर मेले तर लाल, 51 ते 500 मध्ये पिवळा. मोरचुदाचा आकडा या दुसऱ्या पट्ट्यात बसतो. जागतिक आरोग्य संघटनाही त्याला मध्यम धोकादायक वर्गात ठेवते. पण सुट्या मोरचुदाच्या पिशवीवर त्रिकोण कुठला असणार? रंग सुंदर, वास नाही, आजोबाही वापरत होते. धोका मोजायची आपली पट्टी वासावर चालते, आणि मोरचूद त्या पट्टीवर शून्य येतो.

गुरुवार, सकाळी 7. 35 तास

पेस्टचं माप विद्यापीठापासून गावच्या कृषी सहायकापर्यंत सगळे एकच सांगतात: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे, निम्म्या-निम्म्या पाण्यात भिजवायचे, चुना निवला की मग एकत्र करायचे. चुना फुटताना पाणी उकळल्यासारखं होतं आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. मोरचुदाचा शिंतोडाही डोळ्याला तितकाच वाईट. गड्याच्या डोळ्यावर चष्मा नाही. दुपट्टा आहे, तोही घाम पुसायला.

आता विळ्याची परीक्षा. घासून लख्ख केलेला विळा मिश्रणात बुडवायचा आणि बाहेर काढून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे, आणखी चुना घाला. पातं तसंच राहिलं तर मिश्रण तयार. शेतकरी ही परीक्षा साल भाजू नये म्हणून करतो. पण माणसाच्या दृष्टीनेही मोरचुदाच्या धोक्याचं सगळं गणित तिच्यातच आहे. चुन्याशी बांधलेलं तांबं पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून सौम्य. मोकळं तांबं जहाल. झाडावर फवारतात त्या बोर्डोत मोरचूद 1 टक्का आणि तोही बांधलेला, तर पेस्टसाठी भिजवलेल्या बादलीत 20 टक्के आणि सगळा मोकळा. बांधलेल्यालाही पोटातलं आम्ल पुन्हा मोकळं करतं, तेव्हा बोर्डो प्यायला तरी चालतो असं कुणी समजू नये.

या मिश्रणाचा जन्मही मोकळ्या हातांनीच झाला. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेदॉक भागात वाटसरू द्राक्षं चोरत, म्हणून मळेवाले रस्त्याकडेच्या वेलांवर चुना-मोरचूद शिंपडून ठेवत. निळं-पांढरं काहीतरी दिसलं की चोर हात लावत नसे. 1882 मध्ये मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की केवडा रोगाने सगळा मळा वाळला तरी तेवढेच वेल हिरवे आहेत. 1885 मध्ये त्याने कृती प्रसिद्ध केली. म्हणजे विष आहे असं दिसावं, हाच त्या निळ्या रंगाचा पहिला उपयोग होता. ही गोष्ट मला पुढच्या प्रसंगासाठी फार महत्त्वाची वाटते.

गुरुवार, सकाळी 10. 32 तास

पेस्ट झाली, कुंचे घेऊन दोघं कामाला लागले. मोरचुदाचं पाणी मात्र लिटरभर उरलं. महागाचा माल, फेकवत नाही. बांधावर थंड पेयाची रिकामी बाटली पडली आहे, हिरव्या प्लास्टिकची. तिच्यात ओतलं, बूच लावलं, पिण्याच्या पाण्याच्या कॅनजवळ सावलीत ठेवलं. हिरव्या प्लास्टिकमधून निळं पाणी निळं दिसत नाही.

दुर्घटना इथेच घडली. यानंतरचे तास तिच्या परिणामांचे आहेत.

गुरुवार, सकाळी 11.40. 30 तास 20 मिनिटं

ऑक्टोबरचं ऊन. गडी येतो, बाटली उचलतो, वरून धार धरून दोन मोठे घोट घेतो. तिसऱ्याला थुंकतो. तोंडात तांब्याचा कडवट, तुरट जाळ.

"पाणी समजून पेलो न भाऊ, जहर कडू लागलं."

गुरुवार, सकाळी 11.55. 30 तास 5 मिनिटं

उलटी. निळसर हिरवी. मग दुसरी, तिसरी. तांबं जठराच्या आवरणाला इतकं झोंबतं की शरीर स्वतःच ते बाहेर फेकू पाहतं. एकेकाळी वैद्यकात मोरचूद उलटी करवायला देतच, पुढे त्यातूनच विषबाधा होते म्हणून तो मागे पडला. आता जी उलटी होते आहे तिने काही विष बाहेर जातं. सगळं जात नाही.

बांधावर सल्लागारांची कमी नसते. "दोन बोटं घाल घशात, सारं निंगते." "मिठाचं पाणी पाज." "लिंबू पिळ." यातलं एकही करू नये. ओढून काढलेली उलटी भाजलेली अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते आणि श्वासनलिकेत जाऊ शकते. मिठाचं पाणी रक्तातलं मीठ वाढवून स्वतंत्र संकट उभं करतं. लिंबाचं आम्ल तांबं आणखी मोकळं करतं. चूळ भरायला लावा, कुशीवर झोपवा, 108 ला फोन करा. बाटली उचलून बरोबर घ्या.

बाटली बांधावरच राहिली.

गुरुवार, दुपारी 1. 29 तास

सगळ्यात घातक तास हाच, आणि या तासात काहीच घडत नाही.

उलट्या थांबल्या. गडी ताक प्यायला, निंबाखाली आडवा झाला, मग उठून बसला. बोलतो आहे, हसतोही. "आता बरं वाटून रायलं. कायले दवाखाना करता?" मालकाच्याही जिवात जीव येतो. मग ज्या गोष्टी कुणी मोठ्याने बोलत नाही त्या मनात येतात. विषबाधा म्हटली की सरकारी दवाखान्यात पोलिसांना कळवतात. बयान, पंचनामा, "त्याने स्वतःहूनच घेतलं काय?" हा प्रश्न. गावात चर्चा. आणि गड्याचा रोज बुडणार तो वेगळाच.

या तासात आत काय चाललं आहे? आतड्यातून शोषलेलं तांबं रक्तात आलं आहे. त्यातलं बरंच यकृताने धरून ठेवलं आहे आणि थोडं थेट लाल पेशींत शिरलं आहे. लाल पेशीचं आवरण आणि तिला गंजण्यापासून वाचवणारी विकरं, दोन्हींवर तांबं घाव घालतं. पेशी लगेच फुटत नाही. झिजते, मग फुटते. वरून बरं वाटणं आणि आतून बिघडणं यांच्यात हे असं कित्येक तासांचं अंतर पडतं. दिल्लीतल्या चुटानी आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये मोरचुदाच्या विषबाधेच्या रुग्णांवर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून कावीळ आणि मूत्रपिंडाचं निकामी होणं या उशिरा येणाऱ्या खुणा डॉक्टरांच्या पुस्तकात आहेत. बांधावर त्या पोचलेल्या नाहीत.

गुरुवार, सायंकाळी 5. 25 तास

गावातला दवाखाना. पोटात आग होते म्हणून सलाईन आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन. "काय पोटात गेलं?" "फवाऱ्याचं औषध." एवढंच उत्तर.

2017 चा पावसाळा आठवतो का? यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना आठशेहून अधिक शेतकरी-शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले, वीसपेक्षा जास्त दगावले, अकोला-अमरावतीतही रुग्ण सापडले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. तिथली विषं वेगळी, कीटकनाशकांची. पण तेव्हाही डॉक्टरांपुढे प्रश्न हाच होता: नेमकं काय, आणि कशात मिसळलेलं? सेंद्रिय फॉस्फरस गटाच्या विषाला ॲट्रोपिन देतात. मोरचुदाला त्याचा काडीचा उपयोग नाही. "फवाऱ्याचं औषध" या दोन शब्दांवर कुणीही उपचार करू शकत नाही.

गुरुवार, रात्री 11. 19 तास

शौचाला काळं. जठराला पडलेल्या जखमांतून रक्त झिरपतं आहे. घरात कुणी पाहिलं नाही, गड्याने सांगितलं नाही.

शुक्रवार, पहाटे 6. 12 तास

लघवी कोऱ्या काळ्या चहासारखी. फुटलेल्या लाल पेशींतलं हिमोग्लोबिन रक्तात मोकळं होऊन मूत्रपिंडांत उतरलं आहे, आणि गाळण्याच्या बारीक नळ्या त्याने तुंबत चालल्या आहेत. बायकोला नवऱ्याचे ओठ निळे दिसतात, डोळे पिवळे. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर शेजाऱ्याकडून येतो: 85. ऑक्सिजन लावूनही हा आकडा हलणार नाही. पेशींत जे हिमोग्लोबिन उरलं आहे त्यातलं लोह तांब्याने गंजवलं आहे, ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. अशा रुग्णाचं रक्त सुईत चॉकलेटी दिसतं.

108 निघते. वरुडहून मोर्शीमार्गे अमरावती, नव्वदेक किलोमीटर.

शुक्रवार, सकाळी 9.30. साडेआठ तास

जिल्ह्याचं रुग्णालय. चॉकलेटी रक्त पाहून डॉक्टर विचारतात, "मोरचूद का?" तेव्हा कुठे बाटली निघते, फोनवर, शेतातल्या दुसऱ्या गड्याकडून. मिथिलीन ब्ल्यू, रक्त, आणि तांब्याला पकडून बाहेर काढणारं पेनिसिलामाइन किंवा बीएएल. ही औषधं तांबं ऊतींत मुरण्याआधी जितकी लवकर तितकी कामाची. बावीस तास गेले आहेत.

शुक्रवार, संध्याकाळी 6. शून्य

लघवीच्या पिशवीत दुपारपासून थेंब नाही. डायलिसिस सुरू. ते तांबं फारसं काढत नाही, कारण तांबं रक्तातल्या प्रथिनांना धरून बसलेलं असतं. डायलिसिस बंद पडलेल्या मूत्रपिंडांचं काम तेवढं करतं, ती पुन्हा चालू होईपर्यंत. बहुतेकदा काही आठवड्यांनी होतात. कधी होत नाहीत, कधी माणूस तोवर टिकत नाही.

हे झालं पोटातून. फुप्फुसाचा घटनाक्रम तासांत लिहिता येत नाही, त्याला वर्षं लागतात. पोर्तुगालमध्ये द्राक्षांवर वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्यांच्या फुप्फुसांत तांब्याचे साठे आणि गाठी सापडल्या, 1969 मध्ये पिमेंटेल आणि मार्केश यांनी त्या नोंदवल्या. मातीचंही तसंच, तांबं कुजत नाही, साचतं. युरोपीय संघाने शेतात टाकायच्या तांब्यावर 7 वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे. आणि ड्रम नाल्यात धुतला तर मासे मरतात, हे सांगायला युरोप नको.

एवढं सगळं वाचून कुणी मोरचूद सोडावा असं मी म्हणणार नाही. डिंक्याने बगीचा गेला तर घर जातं. म्हणणं एवढंच: उरलेलं पाणी त्याच दिवशी चुन्यात मिसळून खोडालाच लावून टाका. ठेवायचंच असेल तर खाण्यापिण्याच्या कुठल्याही भांड्यात, कुठल्याही बाटलीत नको, आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहा. चष्मा, हातमोजे घ्या. निळी-हिरवी उलटी दिसली तर "बरं वाटून रायलं" यावर विश्वास न ठेवता त्याच तासात मोठ्या दवाखान्यात न्या, बाटली सोबत घ्या, आणि डॉक्टरांना "मोरचूद" हा शब्द सांगा. रुग्णवाहिकेसाठी 108. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास उत्तर देतं, हे दोन्ही आकडे गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.